फुशिमीचा अबुराकाके ट्राम-स्टॉप: खरी जागा कुठली आणि बंद नक्की कधी झाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आपल्या ग्रुपच्या क्योतो सहलीसाठी छोटी माहिती लिहिताय. क्योतोच्या दक्षिणेकडच्या फुशिमी भागात, अबुराकाके नावाच्या वस्तीत, सुरुगाया नावाच्या जुन्या मिठाईच्या दुकानासमोर एक दगड दिसला, त्यावर लिहिलंय की जपानमधल्या इलेक्ट्रिक रेल्वेच्या धंद्याची सुरुवात इथे झाली. मग क्योतो स्टेशनजवळ शिओकोजीच्या बाजूला फिरताना दुसरा दगड सापडला आणि तोही तेच म्हणतोय. वर नेटवर ट्राम बंद झाल्याच्या तीन तारखा मिळाल्या, १९६१, १९७० आणि १९७८. आता यातलं खरं काय आणि त्या अबुराकाकेच्या स्टॉपबद्दल नक्की काय लिहायचं, असं तुमचं म्हणणं.

मी कानसाई (क्योतो-ओसाकाचा पट्टा) भागात रस्ते आणि वाहतुकीच्या प्लॅनिंगमध्ये बरीच वर्षं आहे. जुनी ट्राम कुठून जायची, कुठे वळायची हे आम्हाला कामासाठीच शोधावं लागतं, कारण रस्त्याची रुंदी, कोपऱ्यांचे आकार, बस स्टॉपची ठिकाणं यातलं बरंचसं ट्रामच्या काळात ठरलेलं असतं आणि पुढे कोणी ते मुळापासून बदललेलं नसतं. त्यामुळे असा प्रश्न आला की मी आधी एकच गोष्ट विचारतो, हा स्टॉप कशासाठी होता? तारखा नंतर बघू. तो कशासाठी होता ते कळलं की जागा पण सापडते आणि तो 'बंद' कधी झाला याचं उत्तर पण नीट देता येतं.

दोन्ही दगड बरोबर आहेत, हे आधी सांगून टाकतो. १ फेब्रुवारी १८९५ ला क्योतो इलेक्ट्रिक रेल्वे या खाजगी कंपनीची पहिली लाइन सुरू झाली, एक टोक शिचिजो स्टेशनजवळ म्हणजे आजच्या क्योतो स्टेशनच्या परिसरात हिगाशिनोतोइन आणि शिओकोजी या रस्त्यांच्या चौकात, आणि दुसरं टोक फुशिमीच्या शिमो-अबुराकाकेला. अंतर साधारण साडेसहा किलोमीटर. एकाच लाइनची दोन टोकं आहेत, दोन्हीकडे एकाच दिवशी सुरुवात झाली, आणि दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या बाजूला दगड उभा केला. भांडण नाहीच. लिहिताना फक्त एवढं जपा की 'जपानमधली पहिली इलेक्ट्रिक ट्राम' असं सरसकट लिहू नका, कारण १८९० मध्ये टोकियोला उएनोच्या औद्योगिक प्रदर्शनात लोकांना दाखवायला म्हणून इलेक्ट्रिक गाडी चालवून झाली होती. तिकीट काढून रोज प्रवास करायची अशी पहिली क्योतोची.

आता फुशिमीच का, हा खरा मुद्दा आहे आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

आज फुशिमी म्हटलं की लोकांना साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) भट्ट्या आणि इनारी देवळाच्या लाल तोरी म्हणजे कमानी आठवतात, पण त्या काळी फुशिमी म्हणजे क्योतोचं बंदर. क्योतो समुद्रापासून लांब, ओसाकाहून माल आणि माणसं योदो नदीतून होडीने फुशिमीपर्यंत यायची आणि तिथून ताकेदा-काइदो नावाच्या रस्त्याने शहरात. या रस्त्यावर बैलगाडीची चाकं चिखलात रुतू नयेत म्हणून दगड बसवलेले होते, एवढी अवजड वाहतूक तिथे चालायची. अबुराकाकेहून थोडं दक्षिणेला चालत गेलात की क्योबाशी पूल, त्याच्या आसपास होडीच्या प्रवाशांसाठी खाणावळी आणि मुक्कामाच्या जागा, सहलीत सगळे जिथे फोटो काढतात ते तेरादाया पण त्यातलंच एक. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) होड्यांच्या जोडीला वाफेच्या बोटी आल्या तरी धक्का तिथलाच राहिला. क्योतो-ओसाका रेल्वे १८७७ ला सुरू झाली होती हे खरं, पण नदीचा व्यवहार लगेच संपला नाही.

म्हणजे ट्रामचं गणित एकदम सरळ होतं. एका टोकाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या टोकाला बोटींचा धक्का, मध्ये आधीपासून रहदारीचा रस्ता. अबुराकाकेचा शेवटचा स्टॉप दुकानांसाठी नव्हता की देवळासाठी नव्हता (तिथल्या सायगानजी देवळात तेल ओतून ओतून काळीकुट्ट झालेली जिझो या बौद्ध देवतेची मूर्ती आहे, ती मात्र जरूर बघा), तो नदीसाठी होता.

आणि वीज कुठून आली ते पण लिहा, कारण त्याशिवाय १८९५ मध्ये हे क्योतोलाच का झालं, टोकियोला का नाही, हे समजत नाही. १८६९ ला राजधानी टोकियोला गेली आणि क्योतोची अवस्था वाईट झाली, माणसं गेली, धंदे बसले. गव्हर्नर कितागाकी कुनिमिची यांनी बिवा तलावाचं पाणी बोगद्यातून शहरात आणायचा कालवा हातात घेतला, काम १८८५ ला सुरू झालं आणि १८९० ला पूर्ण, इंजिनिअर तानाबे साकुरो, तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला तरुण. कालव्याचं काम चालू असतानाच तानाबे आणि ताकागी बुनपेई अमेरिकेत जाऊन आले, तिथे त्यांनी पाण्यावर वीज तयार होताना बघितली, आणि परत आल्यावर प्लॅन बदलला. या कालव्याच्या पाण्यावरचं केआगेचं वीजकेंद्र १८९१ ला चालू झालं. आता वीज आहे, पण घ्यायला गिऱ्हाईक पाहिजे ना, तर रोज ठरलेली वीज घेणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ट्राम. हेच ताकागी पुढे ट्राम कंपनीचे पहिले अध्यक्ष झाले. १८९४ ला तोच कालवा पुढे फुशिमीपर्यंत पण नेला. आणि १८९५ मध्येच क्योतोत ओकाझाकीला चौथं राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरणार होतं, शहर वसल्याला अकराशे वर्षं झाली म्हणून हेइआन देऊळ पण त्याच साली उभं राहिलं. गर्दी येणार हे नक्की होतं, प्रदर्शनाकडे जाणारा फाटा पण त्याच वर्षी सुरू झाला. एवढ्या सगळ्या गोष्टी एका ठिकाणी जुळून आल्या तेव्हा ती लाइन झाली.

असं कालव्यावर अवलंबून राहण्याची दुसरी बाजू अशी की कालवा साफ करायला किंवा दुरुस्तीला पाणी थांबवलं की वीज बंद आणि ट्राम पण बंद. पुढे कंपनीने स्वतःचं कोळशावरचं वीजकेंद्र उभं केलं.

आता 'स्टॉप'बद्दल. तुम्ही अबुराकाकेचा पहिला स्टॉप नक्की कुठल्या दारासमोर होता असं विचारलंय, तर आज आपण स्टॉप म्हणतो तशी गोष्टच सुरुवातीला मधल्या रस्त्यावर नव्हती. हात केला की ट्राम थांबायची, उतरायचं असेल तर सांगायचं. ठरलेले थांबे नंतर आले. लाइनच्या टोकाला अर्थातच गाडी थांबायचीच, म्हणून अबुराकाके आणि शिओकोजी ही दोन ठिकाणं पहिल्या दिवसापासून पक्की आहेत आणि मधल्या स्टॉपांच्या तारखा वेगवेगळ्या सापडतात. जुन्या लाइनच्या एखाद्या मधल्या स्टॉपची 'स्थापना १८९५' असं कुठे वाचलंत तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, लाइन १८९५ ची आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं.

एक गोष्ट सहलीत मुलं असतील तर नक्की सांगा. रस्त्यावरच्या लोकांना विजेवर चालणारी, घोडा नसलेली गाडी माहितीच नव्हती, अपघात व्हायचे, म्हणून प्रिफेक्चरने (प्रांताच्या सरकारने) नियम केला की गर्दीच्या जागी आणि वळणांवर गाडीच्या पुढे एक पोरगा पळेल आणि ट्राम येतेय, बाजूला व्हा असं ओरडेल. दिवसा हातात झेंडा, रात्री कंदील. विचार करा, गाडीच्या पुढे पळायचं, वेग तिचा, दमायचं तुम्ही, आणि पाय अडखळला तर मागे चाकं. फार वाईट आणि धोक्याचं काम होतं आणि ते लहान वयाच्या पोरांकडून करून घेतलं. काही वर्षांनी हा नियम काढून टाकला. त्या दगडावर या पोरांचा उल्लेख नाही, मला वाटतं आपण तरी करावा.

पुढचा गोंधळ स्टेशनच्या बाजूचा. आजच्या क्योतो स्टेशनचा नकाशा समोर ठेवून १८९५ चं टोक शोधायला गेलात तर हमखास चुकाल, कारण १९१४ मध्ये स्टेशनची नवी इमारत जुन्या जागेच्या दक्षिणेला बांधली आणि जुन्या स्टेशनच्या जागी समोरचं मोकळं पटांगण आलं. स्टेशनच सरकलंय. म्हणून 'स्टेशनपासून इतक्या अंतरावर' अशी जुनी वर्णनं आजच्या स्टेशनवरून मोजायची नाहीत, रस्त्यांच्या नावांवरून मोजायची. क्योतोत ते सोपं आहे, उभ्या-आडव्या रस्त्यांची नावं फारशी बदललेली नाहीत.

आता बंद होण्याकडे येतो. अबुराकाकेचं शेवटचं टोक म्हणून असलेलं महत्त्व १९७० च्या खूप आधी गेलं. १९१० मध्ये केइहान रेल्वे सुरू झाली, ओसाका ते क्योतो थेट विजेच्या गाड्या, आणि तिचं चुशोजिमा स्टेशन बंदराच्या अगदी जवळ. आता ओसाकाहून येणारा माणूस बोटीत कशाला बसेल? प्रवासी बोटींचा धंदा उतरणीला लागला, आणि ट्रामचं टोक पण धक्क्याजवळच्या अबुराकाकेहून पुढे चुशोजिमाला सरकलं. म्हणजे अबुराकाके हा मधला एक स्टॉप झाला. माझ्या दृष्टीने या स्टॉपच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच, आणि ती बहुतेक लेखांमध्ये अर्ध्या वाक्यात उरकलेली असते. १९१२ ला सम्राट मेइजी वारले आणि त्यांची समाधी फुशिमीच्या मोमोयामाला झाली, तेव्हा दर्शनाला येणाऱ्यांची प्रचंड गर्दी या भागात व्हायला लागली, म्हणजे माणसं कमी झाली असं नाही, पण ती आता नदीवरून येणारी नव्हती. मालाची वाहतूक मात्र बराच काळ टिकली, १९२९ ला मिसुचं लॉकगेट (पाण्याची पातळी वर-खाली करून होड्या पलीकडे नेणारं दार) बांधलं ते होड्यांना उजी नदीतून बंदरात ये-जा करता यावी म्हणूनच, ते आजही उभं आहे. नंतर बंदराची गोदी बुजवून तिथे पार्क झालं.

मालकी पण बदलली. १९१२ मध्ये क्योतो शहराने स्वतःची ट्राम काढली, रूळ १४३५ मिलिमीटरचे, आणि जुन्या कंपनीचे रूळ १०६७ चे. काही रस्त्यांवर दोघांच्या गाड्या एकाच वाटेने जायच्या म्हणून तीन, कुठे चार रूळ टाकावे लागले. पैशासाठी आणि रस्त्यासाठी दोघांची ओढाताण चालायची, शेवटी १९१८ मध्ये शहराने कंपनी विकत घेतली. त्यानंतर फुशिमी लाइनचे रूळ रुंद केले, पण कितानो देवळाकडे जाणारी लाइन तशीच अरुंद राहिली. (फुशिमी तेव्हा क्योतो शहरात नव्हतंच, १९३१ ला ते शहरात सामील झालं, म्हणून त्याआधीचे कागद शोधताना फुशिमीच्या नावाखाली वेगळे शोधावे लागतात.)

इथे तुमच्या तीन तारखांचं उत्तर मिळतं. १९६१ ला कितानो लाइन गेली, म्हणजे जुन्या कंपनीच्या काळातले अरुंद रूळ संपले. ३१ मार्च १९७० ला फुशिमी लाइन आणि तिचा इनारीचा फाटा शेवटचा धावला, म्हणजे तुमच्या अबुराकाके भागातून ट्राम गेली ती तेव्हा. आणि ३० सप्टेंबर १९७८ ला क्योतो शहरातली उरलेली सगळी ट्राम बंद झाली. तिन्ही तारखा खऱ्या, फक्त तीन वेगळ्या गोष्टींच्या. तुमच्या लिखाणात अबुराकाकेसाठी १९७० लिहा.

बंद का झाली याचं एकच कारण सांगणाऱ्यांपासून जरा लांब राहा. गाड्या वाढल्या, पोलिसांनी ट्रामच्या रुळांवर मोटारींना जाऊ द्यायला सुरुवात केली, मग ट्राम मोटारींच्या मागे अडकायला लागली, वेळापत्रक कोलमडलं, प्रवासी कमी झाले, तोटा वाढला, तोटा वाढला म्हणून लाइनी कमी केल्या, लाइनी कमी झाल्या म्हणून जाळं तुटलं आणि अजून प्रवासी कमी. हे चक्र मी वेगवेगळ्या शहरांच्या जुन्या फायलींमध्ये बघितलंय आणि प्रत्येक ठिकाणी सुरुवात रुळांवर मोटारी येऊ देण्यापासून झालेली दिसते, म्हणून माझं मत तरी असं की क्योतोची ट्राम म्हातारी होऊन गेली नाही, तिची वाट अडवली गेली. फुशिमी लाइन लवकर गेली यामागे अजून एक स्थानिक कारण मला पटतं, तिच्या शेजारून केइहान आणि किंतेत्सु या दोन वेगवान रेल्वे जात होत्या, तेव्हा शहराला ही लाइन सोडणं सोपं होतं. शहराच्या आतल्या लाइनींसाठी मात्र नागरिकांनी मोठी चळवळ केली, सह्या गोळा केल्या, तरी १९७८ टळलं नाही. भुयारी मेट्रो सुरू झाली ती १९८१ ला, म्हणजे मधली अडीच वर्षांहून जास्त सगळा भार बसवर.

जागेवर जाऊन काय दिसेल? रूळ नाही दिसणार. शोधायची माझी पद्धत सांगतो, ती दुसऱ्या कुठल्याही बंद स्टॉपला चालेल. आधी कोनजाकु मॅप नावाची साइट उघडायची, साइतामा विद्यापीठाच्या एका भूगोलतज्ज्ञाने बनवलेली आहे, फुकट आहे, डावीकडे जुना नकाशा आणि उजवीकडे आजचा असं एकत्र हलवता येतं. क्योतोसाठी रित्सुमेइकान विद्यापीठाचे जुने नकाशे पण आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात, त्यात घरांपर्यंतचे तपशील आहेत. मग सरकारी नकाशा खात्याचे जुने विमानातून काढलेले फोटो, तेही ऑनलाइन मिळतात, साठच्या दशकातल्या फोटोत रस्त्याच्या मध्ये रुळांचा पट्टा वेगळा दिसतो आणि स्टॉपजवळ प्रवाशांना उभं राहायचा ओटा असेल तर तोही दिसतो. हे झाल्यावर चालत जायचं आणि कोपरे बघायचे. ट्राम काटकोनात वळू शकत नाही, त्यामुळे जिथे वळण होतं तिथल्या कोपऱ्यावरची इमारत तिरकी कापलेली असते, आणि इमारत नवी बांधली तरी जमिनीची हद्द तीच राहते म्हणून नवी पण तिरकी. शेवटी बस स्टॉपची नावं वाचायची, बऱ्याचदा ट्रामच्या स्टॉपचं नाव बसने जसंच्या तसं घेतलेलं असतं. क्योतोत २०० च्या घरातले नंबर असलेल्या सिटी बस ट्रामच्या बदल्यात आलेल्या मार्गांच्या आहेत. तुमच्यासाठी ८१ नंबरची बस बघा, क्योतो स्टेशनहून ताकेदा-काइदोने चुशोजिमाकडे जाते, खिडकीशी बसलात की जवळजवळ जुन्या ट्रामचाच रस्ता होतो.

हे सगळं कितपत जमेल ते तुमच्याकडे वेळ किती आणि जपानी वाचणारं कोणी बरोबर आहे का यावर आहे. कोणी नसेल तर नकाशा आणि कोपरे एवढं तरी करा, त्याला भाषा लागत नाही.

ट्राम प्रत्यक्ष बघायची असेल तर क्योतोतच उमेकोजी पार्कमध्ये जुन्या गाड्या ठेवल्यात, त्यातली कितानो लाइनवरची एक लहान गाडी आता बॅटरीवर चालते आणि तिच्यात बसता येतं, मुलांसाठी उत्तम. हेइआन देवळाच्या बागेत जुन्या कंपनीची गाडी उभी आहे, तिला राष्ट्रीय पातळीवरचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता मिळालीय. इनुयामाच्या मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात क्योतोच्या जुन्या गाड्या अजून रुळांवर धावतात, पण ते क्योतोहून लांब आहे, एका दिवसात दोन्ही कोंबू नका. आणि कधी हिरोशिमाला गेलात तर तिथे क्योतोहून गेलेल्या गाड्या रोजच्या प्रवाशांना घेऊन फिरताना दिसतील, १५ गाड्या गेल्या होत्या, काही आता काढल्यात, प्रत्येकीला क्योतोची आठवण म्हणून नाव दिलंय, हिगाशियामा, माइको, दाइमोनजी अशी. क्योतोतला तत्त्वज्ञांचा मार्ग तुमच्या यादीत असेलच, तिथे पायाखाली जे लांबट दगड आहेत ते ट्रामच्या रुळांमधले, काढून तिथे बसवलेले.

सहलीचा क्रम मी असा ठेवेन: सकाळी क्योतो स्टेशनजवळचा दगड, मग ८१ ने क्योबाशी, आधी नदीचा धक्का आणि तेरादाया, आणि तिथून उत्तरेला चालत सुरुगायासमोरचा दगड. उलट्या क्रमाने गेलात तर दगड आधी दिसतो आणि तो तिथेच का आहे हे कळत नाही, धक्क्याकडून चालत आलात की बोटीतून उतरलेला माणूस ट्रामपर्यंत कसा यायचा ते अंतरच सांगतं, पाच मिनिटं पण लागत नाहीत. दुकानात योकान (लाल घेवड्याच्या पिठाची वडीसारखी मिठाई) मिळतं, पण दुकानाच्या वेळा आधी बघून घ्या. तुमचा मजकूर लिहून झाला की इथे टाका, तारखा आणि जागा मी तपासून देईन.